वरच्या मजल्यावरचा फिशटँक : किलो मोजण्याआधी जागा पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरसजावटीच्या पानावर मत्स्यालयाविषयी आलेल्या मजकुरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी एकच ओळ होती : टाकीचे वजन तळाच्या क्षेत्रफळाने भागा, उत्तर चौरस मीटरला २०० किलोच्या आत आले तर टाकी ठेवा, नाहीतर नको. गणित सोपे आहे, पण ते भलत्याच प्रश्नाचे उत्तर देते. त्यावर विसंबायचे तर पुस्तकांनी गच्च भरलेले कपाटही घरात ठेवता येणार नाही, आणि बाल्कनीच्या टोकाला ठेवलेले उथळ कुंड मात्र बिनदिक्कत पास होईल. म्हणून हे पत्र, जरा लांबले तरी.

आधी खरे वजन काढू. उदाहरणासाठी १२० सेंमी लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच अशी टाकी घेऊ. साधारण चार फुटी म्हणतात ती. बाहेरच्या मापाने २४३ लिटर भरतात. काचेची जाडी आणि वर सोडलेली तीन-चार सेंटीमीटर जागा वजा केली की आत २०५ लिटर उरतात. त्यातही खडी आणि दगड जागा अडवतात, म्हणजे प्रत्यक्ष पाणी १८५ लिटर, तितकेच किलो. काच १० मिलीमीटरची असेल तर तिचे चौरस मीटरला २५ किलो. पाच बाजू मिळून ५० किलो. तळाला ५ सेंमी खडीचा थर म्हणजे ४० किलो, दगड १५, प्लायचे स्टँड ४०, झाकण, दिवे, फिल्टर मिळून १०. बेरीज ३४० किलो. दर वेळी एवढा हिशेब करायचा कंटाळा आला तर बाहेरच्या मापाने आलेल्या लिटरांना १.४ ने गुणावे, उत्तर जवळपास तेच येते. मात्र दगडांची मोठी रचना किंवा खाली सम्प (फिल्टरसाठी स्टँडमध्ये ठेवलेली दुसरी टाकी) असेल तर त्यांचे वजन वेगळे मिळवा. सम्पमधल्या पाण्याचा विसर हमखास पडतो.

आता भागाकार. ३४० भागिले ०.५४ चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला ६३० किलो. राहत्या खोल्यांच्या जमिनी बहुतेक ठिकाणी चौरस मीटरला १५० ते २०० किलो चल भार (माणसे, सामान यांचे वजन) धरून आखतात. ६३० विरुद्ध २००, तेव्हा माणूस घाबरणारच. पण हे २०० किलो सगळ्या खोलीभर एकाच वेळी पसरलेले असतील असे गृहीत धरलेले असते. तीन बाय चार मीटरच्या खोलीत तो आकडा २,४०० किलोवर जातो. ‘मग ३४० म्हणजे काहीच नाही,’ असे म्हणून उडी मारणारेही आहेत, आणि तेही चुकतात. कारण स्लॅब चिरडून मोडत नाही, वाकून मोडतो, आणि वाकवण्याचे काम किती किलो आहेत यापेक्षा ते कुठे आहेत यावर ठरते.

स्लॅबचा एक गाळा घेऊ : दोन्ही टोकांना आधार, मधले अंतर ३.६ मीटर. टाकीची लांबी १.२ मीटर, म्हणून १.२ मीटर रुंदीची स्लॅबची पट्टी विचारात घ्या. या पट्टीवर चौरस मीटरला २०० किलो पसरले तर एकूण ८६४ किलो होतात आणि मध्यभागी ३८९ किलो-मीटर (किलो गुणिले मीटर) इतका वाकवणारा जोर येतो. तीच आपली ३४० किलोची टाकी गाळ्याच्या बरोब्बर मध्यावर ठेवली तर जोर येतो सुमारे ३०६. म्हणजे त्या पट्टीला चल भारासाठी जेवढी ताकद दिली होती तिच्यातली जवळजवळ ८० टक्के एकट्या टाकीने खाल्ली. जमीन १५० किलो धरून आखलेली असेल तर हिशेब ओलांडलाच. आता टाकी उचलून आधाराच्या भिंतीला लावा, तिचा मध्य आधारापासून ३० सेंटीमीटरवर येईल अशी. जोर उरतो ९४. टाकी तीच, पाणी तेच, मासेही तेच, आणि स्लॅबवरचा ताण तिसऱ्या हिश्श्याहून कमी. जमिनीला येणारा बाकही साधारण पावपटच राहतो. प्रत्यक्षात स्लॅब शेजारच्या पट्ट्यांनाही थोडा भार वाटून देतो, त्यामुळे खरे आकडे यापेक्षा सौम्य येतात, पण प्रमाण हेच. तळाच्या क्षेत्रफळाने भागणाऱ्याला या दोन जागांतला फरक दिसतच नाही. त्याच्या लेखी दोन्हीकडे ६३०.

तेव्हा खरा प्रश्न असा : आधार कुठे आहे? ‘भिंतीला लागून’ एवढे पुरेसे नाही. खोली पाडायला नंतर घातलेल्या आडभिंतीखाली बीम असेलच असे नाही. ती भिंत स्वतःच स्लॅबवर बसलेला भार असू शकते, आणि मग तुम्ही भारावर भार घालताय. आरसीसी इमारतीत सगळे मजले एकाच आराखड्याचे असतील तर एक सोपी युक्ती आहे. आपल्याच छताकडे पाहा. जिथे छताखाली बीम उतरलेला दिसतो तिथेच तुमच्या पायाखालीही बीम आहे. फॉल्स सीलिंगने तो झाकला असेल तर खालच्या घरातले छत बघावे. दोन बीम जिथे मिळतात तो कॉलमचा कोपरा, टाकीला याहून चांगली जागा नाही. खोलीची लांबी रुंदीच्या दुपटीहून जास्त असेल तर स्लॅब मुख्यतः आखूड बाजूने भार वाहतो. म्हणजे लांब भिंतींखालचे बीम हा त्याचा खरा आधार, आणि टाकी त्यांतल्या एकीला लांबीने लावावी. खोली चौरसाकडे झुकणारी असेल तर चारही बाजू कामाला येतात आणि निवड सोपी होते.

लाकडी जमिनीत, म्हणजे कडीपाटात किंवा कड्यांवर फळ्या ठोकलेल्या मजल्यात, दिशेला आणखी महत्त्व येते. फळ्या नेहमी कड्यांना आडव्या असतात. फळ्यांवरच्या खिळ्यांच्या रांगा पाहिल्या की खाली कडी कुठून जाते ते कळते. कड्या ४० सेंटीमीटरवर असतील आणि टाकीची लांबी त्यांना आडवी असेल तर भार तीन कड्यांवर वाटला जातो, प्रत्येकीवर सुमारे ११५ किलो. टाकी कड्यांच्या दिशेने ठेवली तर ४५ सेंटीमीटरच्या रुंदीत एक, फार तर दोन कड्या सापडतात. आणि इथेच सापळा आहे. कड्या ज्या भिंतीला समांतर धावतात त्या भिंतीला टाकी चिकटवून ठेवली तर डोळ्याला ती ‘भिंतीलगत’ दिसते, पण एखाद-दुसऱ्या कडीच्या पोटावरच सगळा भार उभा असतो. कड्यांची टोके ज्या भिंतीत बसली आहेत ती भिंत शोधा. शिवाय नळ किंवा वायरी नेण्यासाठी कड्यांना खाचा मारलेल्या असतील, टोकांना कूज किंवा वाळवी लागलेली असेल, तर वरचा हिशेब विसरून जा. टाकीच्या जागेपाशी टाचांवर उभे राहून जरा दणका द्या. शेजारच्या कपाटातली भांडी किणकिणली तर ती जमीन ताकदीला पुरेशी असली तरी ताठ नाही, आणि टाकीच्या काचेला ताठपणाच हवा असतो.

बाल्कनीत टाकी नको. हे आम्ही चर्चेसाठी मांडत नाही आहोत. एका बाजूने धरलेल्या स्लॅबमध्ये मुख्य सळ्या वरच्या थरात असतात. कास्टिंगच्या वेळी काम करणाऱ्यांच्या पायाखाली त्या दबतात. १२० मिलीमीटरच्या स्लॅबमध्ये सळई २५ मिलीमीटर खाली गेली तर तिची परिणामकारक खोली (स्लॅबच्या खालच्या पृष्ठभागापासून सळईपर्यंतचे अंतर) ९५ वरून ७० वर येते आणि ताकद सुमारे पावपट कमी होते, वरून काही कळतही नाही. त्यात पावसाचे पाणी मुरते तेही वरूनच, म्हणजे नेमके त्या सळ्यांवर. दोन आधारांवरचा स्लॅब मोडण्याआधी सहसा झोल दाखवतो, तडे दाखवतो. गंजलेली बाल्कनी एवढा शिष्टाचार पाळेलच असे नाही.

जागा सापडली तरी इमारतीची तब्येत पाहावी लागते. छताच्या खालच्या बाजूला सळ्यांच्या रेषेत सरळ तडे, तांबूस डाग, सुटलेले प्लास्टर, उघडी पडलेली सळई, यातले काहीही दिसले तर थांबा. लोखंड गंजले की मूळ धातूच्या दुपटीहून जास्त जागा घेते आणि काँक्रीटला आतून फोडते. तडा दिसतो तेव्हा सळईची जाडी आधीच घटलेली असते. वरून रंग मारलेला असेल तर हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकून आवाज ऐका. भक्कम काँक्रीट खणखणते, सुटलेले बद्द वाजते. बाथरूमच्या गळतीखाली येणारा स्लॅबचा भाग तर पहिल्यांदा तपासा.

‘घरात पंचवीस माणसे जमतात तेव्हा काही होत नाही, मग टाकीने काय होणार?’ हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. माणसे रात्री घरी जातात. टाकी दहा वर्षे जागची हलत नाही. काँक्रीट आणि लाकूड दोन्ही कायमच्या भाराखाली हळूहळू वाकत राहतात. काँक्रीटमध्ये पहिल्या दिवशी आलेला बाक काही वर्षांत दुप्पट-तिप्पट होणे नेहमीचे आहे, आणि लाकडाची दीर्घकाळच्या भाराखालची ताकद क्षणिक भाराखालच्या ताकदीपेक्षा कमीच असते. म्हणून पार्टीच्या आठवणी पुरावा म्हणून आणू नयेत.

आता स्टँड. ३४० किलो चार पायांवर म्हणजे प्रत्येकी ८५ किलो. चार बाय चार सेंटीमीटरच्या पायाखाली चौरस सेंटीमीटरला साडेपाच किलोच्या आसपास दाब येतो, आणि खाली मसाला भरून नीट बसवलेली लादी तो सहज पेलते. पोकळ लादी पेलत नाही. स्टँड बसवण्याआधी प्रत्येक लादी नाण्याने ठोकून बघा; ज्या कोपऱ्यात आवाज बदलतो तिथे पाय पडू देऊ नका. पाय असलेल्या स्टँडखाली १८ मिलीमीटरचे मरीन प्लाय अंथरले तर लादी वाचते. पण या प्लायबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे : प्लाय टाकले की वजन ‘पसरते’ आणि स्लॅबला त्रास होत नाही. दीड मीटरच्या प्लायने साडेतीन मीटरच्या गाळ्यातल्या वाकण्यात नगण्य फरक पडतो. प्लाय लादीसाठी, जागा स्लॅबसाठी. एकाचे काम दुसऱ्याकडे देऊ नका. लॅमिनेटच्या किंवा नुसत्या एकमेकांत अडकवलेल्या फळ्यांच्या जमिनीवर टाकी ठेवली की ती जमीन तिथे खिळल्यासारखी होते. ओलाव्याने फुगल्यावर फळ्यांना सरकायला जागा उरत नाही आणि सांधे वर उचलतात. तेवढा भाग कापून स्टँड थेट खालच्या पक्क्या पृष्ठभागावर बसवावे.

स्टँडच्या बांधणीत बघायचे ते इतकेच की वजन लाकडावरून लाकडावर उतरते की स्क्रूवर लटकते. वरची आडवी पट्टी उभ्या खांबावर टेकलेली हवी. खांबाच्या बाजूला नुसती स्क्रूने धरलेली असेल तर सगळे पाणी त्या चार स्क्रूंवर उभे आहे. मागे पूर्ण फळी किंवा तिरपा टेकू हवाच, नाहीतर स्टँड बाजूला कलते. पार्टिकल बोर्ड टाळा. कडांना एकदा पाणी लागले की बिस्किटासारखा फुगतो. आणि स्टँड तिथेच राहते, आतून मऊ होत. ओलाव्याचा पहिला पत्ता कडेच्या पट्टीवर लागतो : पट्टी जरा उकललेली दिसते, नखाने दाबली तर खाली रुतते.

यानंतर पाणसळ, म्हणजे पातळी तपासायची लेव्हल. टाकी एका बाजूला कलणे आणि टाकीला पीळ पडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सगळा तळ एकाच पातळीत राहून टाकी तीन मिलीमीटर पुढे कलली तर पुढच्या काचेवर पाण्याची उंची जेमतेम दीड मिलीमीटरने वाढते, त्याने फार बिघडत नाही. पण चारपैकी एक कोपरा खाली बसला तर काचेला पीळ पडतो, आणि काच वाकायला तयार नसल्याने तो सगळा सिलिकॉनच्या सांध्यावर जातो. टाकी भरल्यानंतर काही महिन्यांनी अचानक एका कोपऱ्यातून पाझर सुरू होतो तेव्हा कारण बहुधा हेच असते, आणि शिव्या मात्र सिलिकॉनला पडतात. १२० सेंटीमीटरला तीन मिलीमीटरहून जास्त उतार ठेवू नका, पीळ तर अजिबात नको. कर्णाकर्णी सरळ पट्टी ठेवून दोन्ही कर्ण तपासल्याशिवाय पीळ कळत नाही. लांबी-रुंदीने ठेवलेली पाणसळ तो दाखवेलच असे नाही. दुरुस्ती स्टँडखाली करायची, तीही प्लास्टिकच्या कडक पाचरींनी. लाकडी पाचर भिजते, दबते. टाकी आणि स्टँड यांच्यामध्ये पाचर किंवा पुठ्ठा कधीही सारू नये. तिथे काचेचा तळ एका बिंदूवर टेकतो आणि फुटतो. वाळूचा एक खडा पुरतो.

टाकीखाली फोम घालायचा की नाही हे टाकीच्या तळावर अवलंबून आहे. काचेचा सपाट तळ थेट स्टँडवर बसत असेल तर ५ ते १० मिलीमीटरचा फोम किंवा थर्माकोल हवा, बारीक उंचसखलपणा तो पोटात घेतो. ज्या टाकीला खालून प्लास्टिकची चौकट आहे आणि काच त्या चौकटीवर अधांतरी बसवलेली आहे, तिला फोम नको. फोम मधल्या काचेला वर रेटतो. बनवणाऱ्याने तसे सांगितले असेल तर त्याचेच ऐकावे.

काचेवरचा जोर टाकी किती रुंद आहे यावर ठरत नाही, पाणी किती उंच आहे यावर ठरतो. आपल्या टाकीत पाण्याची उंची ४० सेंटीमीटरच्या आसपास आहे आणि पुढच्या काचेला पाणी सुमारे ९५ किलोच्या जोराने बाहेर रेटते आहे, दिवसरात्र. उंची दुप्पट केली तर हा जोर चौपट. वरच्या मजल्यासाठी टाकी घेताना उंच, देखण्या टाकीऐवजी लांब आणि ठेंगणी टाकी घ्यावी असे आम्ही सांगतो त्याचे हे एक कारण; दुसरे म्हणजे तेच लिटर जास्त लांबीवर वाटले जातात.

आणि तिसरे कारण, धक्का. ७५ सेंटीमीटरच्या स्टँडवर ही टाकी ठेवली की एकूण वजनाचा मध्य जमिनीपासून सुमारे ९० सेंटीमीटरवर येतो, आणि बुड फक्त ४५ सेंटीमीटर रुंद. वजनाच्या पावपट जोराने आडवा हिसका बसला तरी उलटण्याची वेळ येते. भूकंपात तेवढा जोर येऊ शकतो, आणि पाण्याचे हेलकावे त्यात भर घालतात. स्टँड वरच्या बाजूला दोन ठिकाणी एल-पट्टीने भिंतीला बांधा. स्टँड, टाकी नव्हे. काचेला काही बांधू नये. ज्या भिंतीत अँकर मारायचा ती पोकळ विटांची किंवा जिप्समची असेल तर त्या भिंतीला चालणारेच अँकर वापरा, साधा प्लग तिथे धरत नाही.

भरणे एका दमात नको. एक तृतीयांश भरा, चार-सहा तास थांबा, पाणसळ पुन्हा लावा. या टप्प्यावर चूक सापडली तर साठ लिटर उपसून दुरुस्ती करता येते. मग दोन तृतीयांश, एक रात्र जाऊ द्या. पूर्ण भरल्यावर दोन दिवस मासे नकोत. या वेळी एक काम करून ठेवा : चारही कोपऱ्यांत काचेवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून पाण्याची रेषा बॉलपेनने आखा आणि तारीख लिहा. पाणी उडून कमी झाले तर चारही ठिकाणी सारखेच खाली जाते. जमीन बसत असेल तर पुढच्या दोन खुणांपाशी पाणी वर चढलेले आणि मागच्या दोहोंपाशी उतरलेले दिसते, कारण भिंतीकडची बाजू आधारावर असते आणि खोलीकडची झुकते. पहिल्या महिन्यात आठवड्याला एकदा, नंतर तीन महिन्यांनी एकदा बघा. पुढे-मागे मिळून एक मिलीमीटरचा फरक येऊन तिथेच थांबला तर चिंता नाही. दर वेळी वाढतच असेल, किंवा स्कर्टिंगखाली नवी फट दिसू लागली, जवळचे दार चौकटीला घासू लागले, खालच्या छतावर नवा तडा आला, तर टाकी रिकामी करा आणि मग विचार करा. उलट क्रमाने नको.

टाकी भरलेली असताना सरकवायची नाही, अर्धी भरलेलीही नाही. खडीसकट रिकामी टाकी उचलणाऱ्यांनाही हेच : ४० किलो खडी तळाच्या काचेच्या मध्यावर आणि हात कडांना, सांधा तिथेच सुटतो.

इथवर सगळे पडण्याबद्दल झाले, पण वरच्या मजल्यावरच्या टाकीने खरे नुकसान होते ते बहुतेक वेळा पाण्याने, वजनाने नव्हे. १८५ लिटर पाणी बारा चौरस मीटरच्या खोलीत पसरले तर दीड सेंटीमीटर चढते. ते तिथे थांबत नाही. स्लॅबमधून गेलेल्या वायरींच्या पाइपांतून ते खालच्या घरातल्या दिव्याच्या होल्डरमधून टपकू लागते. टाकी फुटून असे होणे विरळा, नळ्यांमुळे होणे नित्याचे. हवेचा पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला आणि वीज गेली की नळीतून पाणी उलटे उतरते. नळीत एकेरी झडप घाला किंवा पंप वर टांगा. सम्पची परतीची नळी पाण्यात खोल बुडवली असेल तर पंप बंद पडताच ती सायफन होते आणि तोंडापर्यंतचे सगळे पाणी खाली ओढते. नळीला पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरा खाली पाच मिलीमीटरचे भोक पाडले की पातळी तिथवर उतरताच हवा शिरते आणि सायफन तुटतो. ते भोक शेवाळाने बुजते, दर साफसफाईत काडी घाला. तरीही तीन सेंटीमीटर पाणी उतरेल असे धरा, म्हणजे आपल्या टाकीत १५ लिटर; सम्पमध्ये चालू पातळीच्या वर तेवढी जागा रिकामी ठेवा. खात्री हवी तर मुद्दाम पंप बंद करून वर उभे राहून बघावे, वीज जाण्याची वाट का पाहायची?

वायर प्लगकडे जाताना आधी खाली लोंबून मग वर चढली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब तळाशी गळून पडतो, सॉकेटात जात नाही. टाकीच्या सर्किटवर ३० मिलीअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच असावा. तो नसेल तर आधी तो, मग मासे.

अभियंत्याला कधी बोलवावे? आमचा अंदाज असा : शंभर-सव्वाशे लिटरपर्यंतची टाकी निरोगी इमारतीत आधाराच्या भिंतीलगत ठेवायला वेगळी परवानगी लागू नये. तिथून चारशे लिटरपर्यंत वर लिहिलेले सगळे पाहून, बीमवर किंवा बीमलगत. त्यापुढे, किंवा इमारत जुनी असेल, जमीन लाकडी असेल, आराखडा माहीत नसेल, तर टाकीची ऑर्डर देण्याआधी संरचना अभियंत्याला विचारा. त्याला ‘पाच फुटी टाकी चालेल का’ असे विचारून उपयोग नाही. भरल्यावरचे एकूण वजन, स्टँडच्या पायांची मापे, कोणत्या भिंतीपासून किती अंतर, जवळची जड कपाटे कुठे, जमिनीवर फरशी आणि भरणा किती जाडीचा, हे कागदावर द्या. स्लॅबची जाडी, गाळा आणि सळ्या यांचा नकाशा मिळाला तर सोन्याहून पिवळे. उत्तर लेखी घ्या. आणि टाकीच्या जागेभोवती पुढेमागे पुस्तकांचे कपाट आणायचा विचार असेल तर तेही आत्ताच सांगा, कारण स्लॅब दोन्ही वजने एकत्र मोजतो.

शेवटी एक नळी. १६ मिलीमीटर आतल्या व्यासाची, टाकीपासून बाथरूमच्या जाळीपर्यंत पोचेल एवढ्या लांबीची, स्टँडच्या आत खुंटीला कायम गुंडाळून ठेवा. पाच मीटर नळी आणि मीटरभर उतार असेल तर सायफनने मिनिटाला सोळा-सतरा लिटर निघतात, अख्खी टाकी दहा-बारा मिनिटांत रिकामी होते. पाझर दिसला त्या रात्री नळी शोधण्यात जाणारी मिनिटे यात धरलेली नाहीत.

आपले,
एक संरचना अभियंता व मत्स्यालये बसवणारा एक कारागीर